पायी जायचं तर तुकडीनं जायचं

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेले भाषण. पदयात्रेसाठी नावे देणाऱ्या गावांच्या उपयोगासाठी छापत आहोत.)



सकाळी ठराव झाला. हात वर झाले, घोषणा झाल्या, टाळ्या झाल्या. कपाशीचा पहिला वेचा घरात आला की आपण तालुक्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत ११५ किलोमीटर पायी जायचं, पाच दिवसांत जायचं, असं ठरलं. हात वर करायला पाव मिनिट लागतं. मला दुपारी बोलायला सांगितलं आहे ते त्या पाच दिवसांबद्दल. तेव्हा जेवण करून आलेल्यांनी माफ करावं, आता घोषणा देणार नाही. हिशोब मांडणार आहे.

कशासाठी चालायचं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारनं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर केला आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. म्हणजे आपल्या पऱ्हाटीचं बोंड फुटायला आणि परदेशच्या गाठी बंदरावर उतरायला एकच मुहूर्त. एका हातानं भाव लिहायचा आणि दुसऱ्या हातानं पुसायचा. खरेदी केंद्रं वेळेवर उघडा, नोंदणीच्या नावाखाली दारातून परत पाठवू नका आणि आमचा माल बाजारात असताना शुल्काशी खेळू नका, एवढं आपलं म्हणणं आहे. ते सकाळी झालं. आता पायांकडे येतो.

एका गावच्या तरुण पोरांनी विचारलं, साहेब, ट्रकनं गेलो तर तीन तासांत पोचतो, पाच दिवस कशाला घालवायचे? प्रश्न बरोबर आहे. मला साहेब म्हणू नका एवढंच. ट्रकनं गेलं की आपण अकराला पोचतो, दोन वाजता निवेदन देतो, चार वाजता परत ट्रकमध्ये. साहेब लोकांना तेवढा एकच दिवस काढायचा असतो. पायी निघालो की पहिल्या दिवसापासून कचेरीला ठाऊक असतं की ही माणसं येत आहेत, आज इथवर आली, उद्या तिथवर येतील. रोज सकाळी कुणाला तरी कुणाला तरी फोन करावा लागतो. वाटेवरच्या गावांतून ट्रक गेला तर धूळ राहते. पायी गेलं तर त्या गावचा माणूस विचारतो, कुठं निघालात? आणि मग तोही धुऱ्यावरून रस्त्यावर येतो. शेतकऱ्याच्या चळवळीत ही रीत नवी नाही. जानेवारी १९८० मध्ये चाकणच्या डोंगराकडच्या गावांनी रस्त्यासाठी वांद्रे ते चाकण अशी पायपीट केली. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावहून नागपूरकडे शेतकरी दिंडी निघाली, ती तर आपल्या कापूसपट्ट्यातूनच.

आता पहिला हिशोब. आपल्याच्यानं एवढं चालवेल का?

मी शेतकी पदवीधर माणूस, कागद-पेन्सिल सुटत नाही. एकरात ४,०४७ चौरस मीटर जागा असते. नऊ इंचांचं तास धरून बैलाच्या नांगरानं एक एकर नांगरायचं तर नांगऱ्या बैलांमागे साडेसतरा किलोमीटरच्या वर चालतो. वळणं वेगळी. तीन फुटांच्या ओळीत एका एकराची डवरणी म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. पाच एकर कपाशीला डवऱ्याची एक पाळी दिली की झाले बावीस किलोमीटर. आणि तुम्ही पाळ्या किती देता? तीन-चार. वेचणी करणारी बाई दिवसभरात ओळीतून किती फिरते याचा हिशोब मी मांडला नाही, कारण ती सरळ चालत नाही आणि पाठीवर ओझं असतं. तेव्हा पाच दिवसांत ११५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला २३. तुमच्या पायांना हा आकडा नवा नाही.

पण खुशीत येऊ नका. शेतातलं चालणं आणि रस्त्यावरचं चालणं यांत फरक आहे. मातीत पाऊल रुततं, दर पावलाला वेगळं पडतं, काकराच्या टोकाला वळताना पायाला क्षणभर विसावा असतो. डांबरावर तेच पाऊल, त्याच जागी, तसंच हजारो वेळा आपटतं. शेतात तुम्ही बैलाच्या चालीनं चालता, आणि बैल कधी घाई करत नाही. मोर्च्यात तुम्ही पुढच्या माणसाच्या चालीनं चालता, आणि पुढच्या माणसाच्या हातात झेंडा असतो. झेंडा हातात आला की माणूस पळतो, हे मी बऱ्याच मोर्च्यांत पाहिलं आहे.

रांगेचं गणित इथं बिघडतं. पाचशे माणसं दोन-दोनच्या ओळीनं दीड-दीड मीटर अंतरावर चालली तरी रांग पावणेचारशे मीटरची होते. पुढचा पाणी प्यायला थांबला की मागचे येऊन गोळा होतात. तो पुन्हा निघाला की रांग ताणली जाते आणि शेवटच्यांना पळत अंतर भरावं लागतं. पुढच्याला वाटतं आपण सावकाश चाललो आहोत. शेपटाकडचा दिवसभर धावत असतो. आणि शेपटाला कोण असतं? म्हातारा, पाय दुखणारा, लेकुरवाळी. म्हणजे ज्याला विसावा हवा त्याला सगळ्यांत कमी मिळतो. पुढचे दहा मिनिटं बसतात तेव्हा मागचे नुकते पोचत असतात, आणि ते पोचले की पुढचे उठतात.

यावर उपाय एकच आहे, आणि तो नेत्यांना आवडत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे घालायचं. त्याच्या चालीनं सगळे चालतील. तासाला चार किलोमीटर पुष्कळ झाले. पन्नास-साठ मिनिटं चाललो की दहा मिनिटं सगळ्यांनी एकदम बसायचं, शेवटचा पोचल्यावर मोजून दहा. सगळ्यांत दमदार गडी शेवटी ठेवायचा. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. झेंडा घेऊन मिरवायची हौस असलेल्यानं पुढे जाऊ नये, शेपटीला यावं.

तुकडी दहा जणांची धरली आहे. एका गावाची असली तर उत्तम. दहा का? दहा माणसं डोळ्यांनी मोजता येतात. पाचशे येत नाहीत. प्रत्येक तुकडीचा एक मुकादम, तो दर विसाव्याला आपली माणसं मोजेल. आपल्या तुकडीतलं कोण लंगडतं, कोण गप्प झालं, कोणी सकाळपासून पाणी प्यालं नाही, हे त्याला कळलं पाहिजे. गप्प झालेल्या माणसाकडे विशेष लक्ष द्या. बडबड्या माणूस गप्प झाला की काहीतरी दुखतं आहे असं समजा. आपला शेतकरी लाजेखातर सांगत नाही आणि मग एकदम बसतो. एक जण बसला की तुकडीतले दोघं त्याच्यापाशी थांबतील, बाकीचे पुढे जातील. एकट्याला झाडाखाली ठेवून जायचं नाही.

ही अक्कल माझी नाही. वारी बघा. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलीच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती अजून टिकून आहे. लाखो माणसं आळंदीहून अडीचशे किलोमीटर पंढरपूरला चालत जातात, आणि ती लाखोंची गर्दी म्हणून जात नाहीत, दिंडी-दिंडीनं जातात. प्रत्येक दिंडीला नंबर, ठरलेली जागा, आपला विणेकरी, आपला शिधा, आपला तंबू. आपल्या बाजूचं म्हणाल तर शेगावहून गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून अकोला, परभणी, परळी, सोलापूर अशी महिनाभराहून जास्त चालत पंढरीला पोचते. तिची शिस्त तुमच्यातल्या कित्येकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली असेल.

वारीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगतो, भक्तिभाव बाजूला ठेवून. माउलीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड वर करतो आणि हाळी देतो की सगळं एकदम शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, आणि तड लागली की ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू, माणसं, उद्या निघायची वेळ, सगळं तिथंच पुकारलं जातं. इतकी मोठी सभा, आणि गाऱ्हाणं मांडायला ना माइक लागतो ना कुणाची चिठ्ठी. आपण रोज मुक्कामी हीच रीत ठेवू. टाळ नसले तर ताटली वाजवा. ज्या तुकडीला पाणी मिळालं नाही, भाकर कमी पडली, कुणी वाईट बोललं, ती तुकडी ताटली वाजवत राहील, आणि ती थांबेपर्यंत कुणी भाषण करणार नाही. मीसुद्धा.

आता २०१८ च्या लाँग मार्चबद्दल बोलतो. अखिल भारतीय किसान सभेनं तो काढला. आपला आणि त्यांचा विचार बऱ्याच मुद्द्यांवर जुळत नाही. बाजाराबद्दल तर अजिबात नाही. पण चालणं कसं असतं ते त्यांच्याकडून शिकावं. ६ मार्चला नाशिकहून हजारो माणसं निघाली, त्यांत वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते. कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे करत १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोचले. सुमारे १८० किलोमीटर. वाटेत माणसं वाढतच गेली. मार्चचं ऊन, तापलेलं डांबर, पायांत झिजलेल्या चपला, काहींच्या पायांत त्याही नाहीत. त्या पायांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले.

फोटोंपेक्षा मला ११ मार्चची रात्र महत्त्वाची वाटते. मोर्चा शीवजवळच्या सोमय्या मैदानावर संध्याकाळी पोचला होता. सकाळी निघून आझाद मैदानात जायचं ठरलं होतं. पण १२ तारखेला मुंबईतल्या पोरांची दहावीची परीक्षा होती. हजारो माणसं सकाळी रस्त्यावर आली तर पोरं केंद्रावर पोचणार कशी? दिवसभर चालून आलेल्या, पाय फुटलेल्या माणसांनी झोप सोडली आणि मध्यरात्रीनंतर उठून अंधारातच शहर पार केलं. सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा मोर्चा मैदानात बसलेला होता. शहरातली माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन आली. डबेवाल्यांनीही जेवण पुरवलं.

विचार करा, हा निर्णय पाळला कसा गेला असेल? रात्री एवढ्या माणसांना उठा म्हणायचं, आणि ती उठतात. माइकवरून सांगून हे होत नाही. गावाचा माणूस गावाच्या माणसाला हलवून उठवतो, तेव्हाच होतं. गावोगावची माणसं आपापल्या गटानं आली होती, शिधा सोबत होता, एकमेकांना नावानं ओळखत होती. म्हणून मी दहाच्या तुकडीचा इतका हट्ट धरतो आहे.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं, माणसं घरी गेली. अंमलबजावणी रखडली म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून चालायला निघावं लागलं. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, दिंडोरीहून. त्या खेपेला ते शहाणे झाले होते. मुंबईत बोलणी झाली तरी हातात कागद पडेपर्यंत मोर्चा वाशिंदला तळ ठोकून बसला. त्या मुक्कामात एक शेतकरी दगावला. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण पायी जाणं म्हणजे सहल असं समजून कुणी नाव देऊ नये. आणि आपणही शिधा पाच दिवसांचा न घेता सात दिवसांचा घ्यायचा. कचेरीसमोर बसायची वेळ आली तर उपाशी पोटी बसायचं नाही.

पायांचं आता थोडं तपशिलात सांगतो, कारण मोर्चे मागण्यांवरून कमी मोडतात आणि फोडांवरून जास्त मोडतात.

नवी चप्पल, नवा बूट घालून येऊ नका. पोरानं पुण्याहून पाठवलेला चकचकीत बूट लग्नासाठी ठेवा. पायाला बसलेलं, जुनं पण तळ शाबूत असलेलं पायताण घ्या. बूट घालणाऱ्यांनी सुती मोज्यांचे दोन जोड घ्या, एक पायात आणि एक वाळत. फोड येतो घासण्यानं, ओलाव्यानं आणि उष्णतेनं. तो यायच्या आधी पाय सांगतो. एका जागी चुरचुरतं, चटका बसल्यासारखं वाटतं. तिथंच थांबा, चिकटपट्टी लावा. पुढच्या विसाव्याला बघू म्हणालात की झालं. आलेला फोड फोडू नका, वरची कातडी तर मुळीच काढू नका. फारच टचटचला तर तुकडीच्या पेटीवरचा माणूस निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढेल आणि कातडी तशीच ठेवून पट्टी बांधेल. जांघा घासतात त्यांनी निघण्यापूर्वी खोबरेल तेल लावावं. यात हसण्यासारखं काही नाही, दुसऱ्या दिवशी तुम्हीच ते तेल शोधत फिराल.

शुगर असलेल्या माणसांनी माझं नीट ऐका. शुगरनं पाय बधिर होतात. फोड आला, फुटला, त्यात खडा गेला तरी कळत नाही, आणि तोच पाय पुढं कापायची पाळी येते. अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाव देऊ नये. आले तर रोज दोन वेळा दुसऱ्या माणसाकडून तळवे बघून घ्यावेत. छातीचं दुखणं आहे, दम लागतो, त्यांनी गावात राहून करायचं काम मी पुढं सांगणार आहे. ते काम हलकं नाही.

पाणी घोट-घोट, दर विसाव्याला. घाम जातो तेव्हा नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हे लेकराच्या हगवणीला देता तेच पाणी. प्रत्येक तुकडीत एक कॅन या पाण्याचा राहील. जेवणाला ज्वारीची भाकर, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, खिशात गूळ. वाटेवरच्या एखाद्या गावानं गोडाधोडाची पंगत ठेवली तर हात जोडा आणि थोडं खा. तर्रीदार रस्सा खाऊन दुपारी चालायला निघालेल्या मोर्च्याचं काय होतं ते मी इथं सांगत नाही.

वेळ अशी. दिसायला लागलं की साडेसहाला निघायचं, चौदा किलोमीटर, पावणेअकराच्या आत थांबायचं. जेवण, आडवं होणं. अडीचला पुन्हा निघून नऊ किलोमीटर, पाच-सव्वापाचला मुक्काम. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि अंधारात हमरस्त्यावर चालायचं नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात जेसीबी दिंडीत शिरला, तिथं दोघं गेले. पुढच्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट, हातात लाल दिवा, आणि रस्ता अडवायची हौस कुणी करायची नाही. अँब्युलन्स आली तर पुढून मागून न सांगता वाट मोकळी झाली पाहिजे.

बायांबद्दल. सकाळी ठरावाला हात वर केलेल्यांत निम्म्या बाया होत्या. नावं देताना निम्म्या राहतात का ते बघू. दांडीयात्रेच्या पहिल्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. २०१८ ला हजारो होत्या. एवढा पल्ला गाठायला नव्वद वर्षं लागली, आपण मागं जाऊ नये. पण एक अट आहे, आणि ती गड्यांसाठी आहे. २३ किलोमीटर चालून आल्यावर बाया चुलीपाशी आणि गडी पाय पसरून, हे चालणार नाही. स्वयंपाक्यांची तुकडी वेगळी राहील, ती गाडीनं पुढे जाईल, आणि तिच्यात गडीच जास्त राहतील. मुक्कामाच्या गावात शाळेची खोली, आडोसा, संडास आणि पाणी बायांसाठी आधी ठरलेलं असेल तरच तो मुक्काम पक्का. नाहीतर गाव बदलायचं, मग तिथला सरपंच कितीही आपला असो.

दांडीचं नाव निघालं तर आणखी दोन गोष्टी. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले, वय ६०. जवळपास ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले आणि ६ ला मीठ उचललं. बरोबरच्यांत सगळ्यांत लहान पोरगा सोळा वर्षांचा. रोजचं चालणं सकाळ-संध्याकाळ असं दोन भागांत, आणि सोमवारी विसावा. अरुण तुकडी नावाची विद्यापीठातल्या पोरांची टोळी पुढच्या गावांत आधी जायची. मुक्कामाची सोय तर करायचीच, शिवाय गावची माहिती गोळा करायची. लोकसंख्या किती, गुरं किती, शेतसारा किती, मीठ किती खपतं. गांधीजी त्या गावात बोलायला उभे राहत तेव्हा त्यांच्याजवळ त्याच गावचे आकडे असत. आपणही दहा पोरं एक दिवस पुढे ठेवू. कोरा कागद घेऊन प्रत्येक गावात विचारायचं, यंदा कापूस किती झाला, किती विकला, काय भावानं, खरेदी केंद्रावर की खेडा खरेदीत, ज्वारीचा पेरा किती उरला. पाच दिवसांत वाटेवरच्या सगळ्या गावांचा हिशोब तयार होईल. कलेक्टरपुढं घोषणा ठेवण्यापेक्षा तो कागद ठेवला तर त्यांना उत्तर शोधायला वेळ लागेल.

दुसरी गोष्ट भाटगावची, २९ मार्च १९३०. यात्रेच्या सरबराईत खर्च वाढत चालला होता. रात्रीच्या वाटेला डोक्यावर जड दिवा घेतलेला मजूर होता, आणि त्याला भरभर चाल म्हणून पिटाळत होते. गांधीजींनी त्या रात्री आपल्याच माणसांना सगळ्यांसमोर फटकारलं. गरिबासाठी निघालेल्या यात्रेत गरिबाच्याच डोक्यावर ओझं. आपल्याकडं तो दिवा कोणता होऊ शकतो ते सांगतो. आपण मोर्च्यात, आणि आपल्या शेतातली मजूर बाई पाच दिवस बिनरोजाची घरी बसलेली. तिचा पाच दिवसांचा रोज बुडवून आपण भाव मागायला निघालो तर ती आपल्या मागे का येईल?

म्हणून वेचणीचं ठरवू. चालणाऱ्या प्रत्येकाच्या मागे गावात चार माणसं राहतात. त्या चौघांनी त्याचा कापूस वेचून घ्यायचा. जुन्या लोकांना इर्जिक ठाऊक आहे, कुणी सावड म्हणतं, तेच. मजूर लावले तर त्यांचा रोज त्याच संध्याकाळी द्यायचा. मघाशी दम्याच्या, छातीच्या दुखण्याच्या लोकांना म्हणालो ना, त्यांचं काम हे. दहा चालणाऱ्यांच्या शेतांची यादी, कुणाकडं कोण वेचायला गेलं, कुणाच्या गुरांना पाणी झालं, हा हिशोब ठेवायचा. आणि शेतकी शिकलेल्या माणसाचं एक जास्तीचं ऐका. सकाळच्या दवात वेचू नका, दहा वाजू द्या. ओला कापूस घरात गंजी लावला की पिवळा पडतो, आणि १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की केंद्रावरून गाडी परत येते. मोर्चा काढून केंद्र उघडायचं आणि मग ओलीपायी आपणच दारातून परतायचं, असं होऊ नये.

निघायच्या आधी दोन रविवार सराव आहे. पहिल्या रविवारी दहा किलोमीटर, दुसऱ्या रविवारी अठरा, प्रत्येक गावानं आपल्या शिवाराच्या रस्त्यावर, त्याच पायताणात, तेवढंच ओझं घेऊन. ओझं म्हणजे एक घोंगडी किंवा चादर, एक जोड कपडे, ताटली, पेला, पाण्याची बाटली, औषध चालू असेल ते. बाकी गाडीत. सरावाला जो येणार नाही त्याचं नाव यादीत राहणार नाही, मग तो तालुक्याचा पदाधिकारी का असेना. जीपमध्ये बसून मोर्च्याबरोबर येणाऱ्यांची सोय केलेली नाही. जीप एकच आहे, आणि ती ज्याचा पाय गेला त्याच्यासाठी.

बाहेर टेबलावर कोरे तक्ते ठेवले आहेत, एका तुकडीला एक. दहा नावं, वय, शुगर-बीपी आहे का, घरचा फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात मागे राहून वेचणी बघणाऱ्या माणसाचं नाव. हा शेवटचा रकाना कोरा असलेला तक्ता आम्ही घेणार नाही. ज्या गावाची दहा माणसं होत नाहीत त्यांनी शेजारच्या गावाशी आत्ताच बोलून घ्या, चहा होईपर्यंत वेळ आहे.